डिकीतली विंग: 1994 चा ब्रिटिश टूरिंग कार हंगाम

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी जसं बोललो तसं.)

मागच्या भागाखाली एका श्रोत्यानं विचारलं होतं की तू सॉफ्टवेअरमधला माणूस, तुला या जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शर्यतींचं एवढं काय वेड? प्रश्न रास्त आहे. मी ज्या हंगामाबद्दल आज बोलणार आहे तो 1994 चा, म्हणजे तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण एकदा रात्री प्रॉडक्शनमध्ये एक रिलीज चालू होती, स्क्रीनकडे बघत बसण्यापलीकडे काही काम नव्हतं, आणि यूट्यूबनं समोर मरी वॉकरच्या आवाजातली जुनी बीबीसीची हायलाइट्स आणून ठेवली. लाल अल्फा रोमिओ पुढे आणि मागे अख्खा जथा. रिलीज तीन वाजता संपली, मी पाचपर्यंत बघत होतो.

ज्यांना टूरिंग कार म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. फॉर्म्युला वनची गाडी तुम्हाला शोरूममध्ये मिळत नाही. टूरिंग कार दिसायला तरी तीच असते जी तुमच्या शेजारच्या काकांच्या पार्किंगमध्ये उभी आहे. चार दरवाजे, डिकी, सगळं. आतून सगळं वेगळं असतं, पण बाहेरून ओळखू आली पाहिजे, कारण कंपनीला सोमवारी तीच गाडी विकायची असते. आणि या गाड्या एकमेकांना घासतात, दारं चेपतात, आरसे उडवतात. बघायला मजा येते ती त्याचीच.

ब्रिटनमधली मालिका म्हणजे ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप, बीटीसीसी. नव्वदच्या सुरुवातीला त्यांनी सगळे वेगवेगळे क्लास काढून एकच ठेवला. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, फेरे मिनिटाला 8500 च्या वर जायचे नाहीत. पुढे याच नियमांना सुपर टूरिंग हे नाव पडलं. पावणेतीनशे ते तीनशेच्या मधली घोड्यांची ताकद, साध्या कुटुंबाच्या गाडीत. नियम सोपे, म्हणून कंपन्या धावत आल्या. 1994 मध्ये किती कंपन्या होत्या ते मोजा: अल्फा रोमिओ, बीएमडब्ल्यू, फोर्ड, माझदा, निस्सान, प्यूजो, रेनॉ, टोयोटा, व्हॉक्सहॉल, व्होल्व्हो. दहा! आज कुठल्याही शर्यतीत दहा कंपन्या जमवून दाखवा.

त्यात व्होल्व्होनं काय आणलं होतं माहितीये? इस्टेट. आपल्याकडे पिंपरीत बनलेली टाटा इस्टेट आठवते ना, मागे लांबलचक, काचाच काचा, लग्नाचं सामान मावेल अशी? तसली व्होल्व्हो 850. रिकार्ड रायडेल आणि यान लॅमर्स चालवायचे. बाकीचे हसले तेव्हा त्यांनी प्रदर्शनाच्या फेरीला मागच्या काचेत एक मोठा खोटा कुत्रा बसवून गाडी फिरवली. ही इस्टेट लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. अल्फा रोमिओ इटलीहून आली ती 155 घेऊन. ड्रायव्हर दोन, गाब्रिएले तारक्विनी आणि जाम्पिएरो सिमोनी. तारक्विनी म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये वर्षानुवर्षं कोलोनी, एजीएस अशा गरीब टीम्सच्या गाड्या चालवलेला माणूस. तेव्हा गाड्या इतक्या असायच्या की पात्रता फेरीत उतरण्याआधी अजून एक पात्रता फेरी असायची, आणि त्या आधीच्या फेरीत बाहेर पडण्याचा विक्रम याच्या नावावर आहे, 40 वेळा. म्हणजे शुक्रवारी सकाळी उठायचं, हेल्मेट घालायचं, आणि दुपारी बॅग भरून घरी. चाळीस वेळा! मला हा माणूस तिथूनच आवडायला लागला.

आणि इथे आल्यावर त्यानं पहिल्या पाच शर्यती ओळीनं जिंकल्या. थ्रक्स्टन, ब्रँड्स हॅचला दोन, स्नेटरटन, सिल्व्हरस्टोन.

लोक गाडीकडे बघायला लागले. गाडीला मागे विंग होती, आणि पुढे बंपरखाली जिभेसारखा बाहेर आलेला स्प्लिटर. बाकी कोणाकडे असलं काही नव्हतं. हवा गाडीला खाली दाबते, चाकं रस्त्याला चिकटून राहतात, वळणात वेग कमी करावा लागत नाही. आणि हा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. थ्रक्स्टन हा ब्रिटनमधला सगळ्यात वेगवान ट्रॅक. तिथे मागचं टोक स्थिर असलेली गाडी आणि नसलेली गाडी यात काय फरक पडेल ते तुम्हीच विचार करा.

मग हे चालतं कसं? नियम असा होता की रेसच्या गाडीला तेच हवेचे भाग लावता येतील जे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीवर आहेत, आणि तशा किमान 2500 गाड्या बनल्या पाहिजेत. याला होमोलोगेशन म्हणतात. उद्देश स्वच्छ आहे: कोणी फक्त शर्यतीसाठी काहीतरी विचित्र बनवू नये, गाडी गाडीसारखी राहावी. अल्फानं काय केलं, तर 155 ची एक खास आवृत्ती काढली. ब्रिटनमध्ये तिचं नावच सिल्व्हरस्टोन. साधं 1.8 लिटरचं इंजिन, मागे छोटी विंग, पुढे छोटा स्प्लिटर. 2500 बनवल्या. इथपर्यंत कोणाची काही तक्रार असू शकत नाही.

पण विंग उंच करायचे ब्रॅकेट गाडीला लावलेले नव्हते. ते डिकीत ठेवून दिले होते. मालकाला हवे तर त्यानं लावून घ्यावेत. पुढच्या स्प्लिटरलाही दोन जागा, एक आत, एक बाहेर ओढलेली. रस्त्यावर कोण बाहेर ओढणार? सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर पहिल्याच दिवशी घासून निघाला असता. रेसमध्ये मात्र विंग वर, स्प्लिटर बाहेर. तांत्रिकदृष्ट्या गाडीसोबत विकलेलाच भाग!

माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून पहिली प्रतिक्रिया काय येते सांगू? टाळी. हा अख्खा फीचर फ्लॅग आहे हो. कोड सगळ्या गिऱ्हाइकांकडे पाठवलाय, पण बंद करून. फक्त एका सर्व्हरवर चालू. ऑडिट करणारा आला की म्हणायचं, बघा, सगळ्यांना तेच बिल्ड दिलंय. हा नियम ज्या कोणी इटलीत बसून पुन्हा पुन्हा वाचला असेल, त्याच्याशी मला एकदा चहा प्यायचाय.

आणि खरा फायदा विंगचा नव्हताच, असं माझं मत आहे. खरा फायदा वेळेचा. समजा तुम्ही फोर्ड आहात. एप्रिलमध्ये पहिल्या शर्यतीत तुम्हाला कळलं की विंग पाहिजे. तुम्ही गॅरेजमध्ये एका आठवड्यात विंग बनवाल. पण तिला परवानगी मिळायला 2500 रस्त्यावरच्या गाड्या बनवायच्या! डिझाइन, साचे, कारखान्याची लाइन, डीलर. पाच-सहा महिने गेले. तोवर हंगाम संपत आला. म्हणजे जो नियम खर्च आणि चलाखी रोखायला केला होता, तोच नियम आता अल्फाच्या दारावर पहारा देत उभा होता. आम्ही याला डिप्लॉयमेंट सायकल म्हणतो. ज्याची सायकल आधी संपली तो राजा.

एक गोष्ट मात्र अल्फाच्या बाजूनं सांगायलाच हवी. ब्रँड्स हॅचचा छोटा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. तिथे हवेचा फायदा थ्रक्स्टनइतका मिळणार नाही, आणि तिथेही तारक्विनीनं दोन्ही शर्यती नेल्या. गाडी मुळातच चांगली होती, टीम तयारीनं आली होती, आणि ड्रायव्हर चाळीस वेळा घरी पाठवलेला होता. हे सगळं विंगच्या नावावर टाकणं म्हणजे पहिला आलेल्या मुलाला 'गाईड वाचलं असणार' म्हणण्यासारखं आहे. जरी त्यानं गाईड वाचलेलं असलं तरी.

तर प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली. निर्णय आला, स्नेटरटन आणि सिल्व्हरस्टोनचे गुण काढले. मे संपता संपता ओल्टन पार्कला अल्फाला सांगण्यात आलं की विंग खाली करूनच उतरायचं. अल्फानं काय केलं? गाड्या ट्रकमध्ये चढवल्या आणि निघून गेली. शर्यतच केली नाही. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर मालिकेतली सगळ्यात वेगवान टीम गायब.

पुढे अपील झालं, वाटाघाटी झाल्या. गुण परत मिळाले. तडजोड अशी ठरली की अल्फानं 1 जुलैपर्यंत उंच विंग वापरावी, त्यानंतर खाली करावी, आणि दरम्यान बाकीच्यांनीही आपापले भाग बनवावेत. बीएमडब्ल्यूनं 318 आयएसची अशीच 2500 गाड्यांची खास आवृत्ती काढली. म्हणजे मॅनेजमेंटनं जे नेहमी करायचं तेच केलं. कोण बरोबर हे सांगितलंच नाही, एक तारीख दिली.

नॉकहिलला तारक्विनीची गाडी गडगडत उलटली, तो फुटेज बघाच. तरी वर्षअखेर विजेतेपद त्याचंच, एकूण 8 शर्यती जिंकून. मागे रेनॉ लगुनावाला ॲलन मेन्यू, तिसरा फोर्डचा पॉल रॅडिसिच.

इथे थोडं थांबतो, कारण मला हा हंगाम इतका का लागला त्याचं खरं कारण अजून सांगितलेलं नाही.

बीटेकला असताना आम्ही कॉलेजच्या टीममध्ये होतो. पाइपांची चौकट, एका माणसाची, ओबडधोबड रस्त्यावर चालणारी गाडी बनवायची आणि स्पर्धेला न्यायची. मी कॉम्प्युटरचा. वेल्डिंग येत नव्हतं, लेथला हात लावू देत नव्हते. मग मला रूलबुक दिलं. जाडजूड इंग्रजी पीडीएफ, कोणालाच वाचायचं नव्हतं. मी वाचलं, अगदी पाठ केलं म्हणा ना. टीममध्ये माझी ओळखच 'रूलबुक' अशी झाली.

स्पर्धेला तीन आठवडे असताना कळलं की चौकट वरच्या बाजूला थोडी ठेंगणी झालीये. ड्रायव्हरच्या हेल्मेटपासून वरच्या पाइपापर्यंत ठरावीक अंतर लागतं, जिवाचा प्रश्न असतो तो, गाडी उलटली तर. आमचा मुख्य ड्रायव्हर सहा फूट एक इंच. दोन वर्षं गाडीला त्यानं हात लावलेला, वेल्डिंगचा अर्धा भाग त्याचा, रात्री वर्कशॉपमध्ये झोपलेला. तो बसला की अंतर भरत नव्हतं. चौकट पुन्हा कापायची तर वेळ नाही, पैसे तर आधीच संपलेले.

मीटिंगमध्ये सगळे गप्प. मी पान उघडलं आणि म्हणालो, अंतर मोजायचं ते यादीत नाव असलेल्या ड्रायव्हर्सचं. यादीत कोण असावं हे आपण ठरवतो.

मला आठवतंय, म्हणताना मला छान वाटलं होतं. बग सापडल्यावर वाटतं तसं. एक क्षण कोणाला कळलं नाही, मग सगळ्यांना एकदम कळलं, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हो रे, बरोबर आहे. काढा नाव." एवढंच. तपासणीत गाडी पहिल्या फटक्यात पास. साडेपाच फुटी दोघांनी चालवली. तो तीन दिवस पिटमध्ये स्पॅनर घेऊन उभा होता, पेट्रोल भरत होता, सगळ्यांच्या आधी धावत होता.

आम्ही काही चुकीचं केलं का? नाही. नियमाचं अक्षर पाळलं, सुरक्षेचं अंतर खरंच होतं, कोणाचा जीव धोक्यात घातला नाही. तरी ते 'काढा नाव' मला अजून ऐकू येतं. परवा त्याच्या लग्नात भेटलो तेव्हा त्यानं त्याच्या बायकोला माझी ओळख करून दिली, "हा आमचा रूलबुक." हसून. मीही हसलो.

तर ती रात्रीची हायलाइट्स बघताना माझी टाळी अर्ध्यात अडकली ती यामुळे. अल्फाच्या त्या वाचकाला चहा पाजायचाय हे खरंच. पण आता मी दुसरंही शोधतो, की यादीतून नाव कोणाचं गेलं.

1995 ला विंग सगळ्यांनाच खुल्या झाल्या. भांडण मिटलं म्हणायचं. पण आता प्रत्येकाला विंग हवी, म्हणजे प्रत्येकाला विंड टनेल हवा, एरोडायनॅमिक्सचे इंजिनिअर हवेत. कंपन्यांना ते परवडलं. खासगी टीम्स होत्या, स्वतःच्या खिशातून गाडी उतरवणारे, त्यांच्यासाठी वेगळं बक्षीसही असायचं, ते अजून मागे पडले. पुढची चार-पाच वर्षं खर्च असा काही वाढत गेला की एकेक कंपनी निघून गेली आणि 2000 नंतर बीटीसीसीनं सुपर टूरिंग बंदच केलं. सगळा दोष डिकीतल्या ब्रॅकेटवर टाकणं बरोबर नाही, टायर, इंजिन, सस्पेन्शन, सगळीकडेच पैसा ओतला जात होता. पण त्या दारातून पहिला आत शिरला तो अल्फा, एवढं म्हणता येईल.

आणि अल्फाचं काय झालं? 1995 ला डेरेक वॉरविकसारखा मोठा ड्रायव्हर घेऊन परत आली. सगळ्यांकडे विंग होती. हंगाम अगदीच सुमार गेला. विजेतेपद व्हॉक्सहॉलच्या जॉन क्लीलंडनं नेलं.

आज तुम्ही बीटीसीसी बघितलीत तर मागची विंग सगळ्यांची एकच दिसेल. कंपनी कुठलीही असो, विंग आयोजकांनी ठरवलेली, सगळ्यांना सारखी. आमच्या भाषेत, शेअर्ड लायब्ररी. कोणाला हात लावायचा नाही. सुरक्षित आहे, स्वस्त आहे, शर्यती चुरशीच्या होतात. मला बघायला आवडतं. रूलबुक वाचणाऱ्या पोरांना मात्र तिथे तेवढं काम नाही. असेल तर अजून सापडलं नसेल.

तारक्विनी थांबला नाही. 2009 मध्ये तो सिआटच्या गाडीतून वर्ल्ड टूरिंग कार चॅम्पियन झाला, 47 व्या वर्षी. आणि 2018 मध्ये, आता नीट ऐका, ह्युंदाईच्या गाडीतून पुन्हा वर्ल्ड टूरिंग कार कपचा विजेता, 56 व्या वर्षी. माझे बाबा त्या वयात दुचाकीला किक मारताना कंबर धरायचे.

हां, इस्टेट राहिली. सुपर टूरिंगच्या त्या सगळ्या गोंधळात माझा जीव खरा अडकलाय तो तिच्यात. 1995 ला विंग खुली झाल्यावर व्होल्व्होनं हिशेब केला. सेडानच्या डिकीवर विंग नीट बसते. इस्टेटला मागे डिकीच नाही, सरळ छप्पर आणि मग सरळ खाली काच. विंग लावायची कुठे? तिथे लावून फायदा नाही. इस्टेट एका हंगामात घरी गेली आणि व्होल्व्हो सेडान घेऊन आली. सेडान जिंकायला लागली, रायडेल 1998 ला एस 40 मधून चॅम्पियनही झाला. सगळं योग्यच झालं. पण नंतरच्या जिंकणाऱ्या व्होल्व्हो कोणाला आठवत नाहीत, लोक अजून त्या इस्टेटचे फोटो एकमेकांना पाठवतात. त्या खोट्या कुत्र्यासकट.

असो. पुढच्या भागात 1992, सिल्व्हरस्टोनची शेवटची शर्यत, क्लीलंड आणि सोपर यांची ती टक्कर. कोणाची चूक होती यावर माझं आणि माझ्या रूममेटचं दोन वर्षं भांडण आहे, तर या वेळी त्यालाच माइकसमोर बसवतोय. आणि कॉलेजच्या टीममधलं कोणी हे ऐकत असेल तर तुमच्याकडे त्या गाडीचा एखादा व्हिडिओ असेल ना, मला पाठवा. चालवतानाचा नको, तो आहे माझ्याकडे. पिटमधला हवाय.